निकाळ्यांची फडकी

सुखदेव निकाळे माणसाशी बोलताना त्याच्या तोंडाकडे कमी आणि कपड्यांकडे जास्त बघत. नुसतं बघून भागत नसे, हात लावत. "काय गायधनी, बरंय ना?" म्हणता म्हणता त्यांची चिमूट माझ्या सदऱ्याच्या कडेला जाई, कापड दोनदा चोळलं जाई आणि निकाल मिळे, "सूत चांगलं आहे, पण अजून झिजायला हवं." नवख्याला वाटे, शिंपी असावेत. होते आमच्या सरकारी कचेरीत हेडक्लार्क, आणि नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीत माझ्या भिंतीला भिंत लावून राहत.

बायकांच्या बाबतीत अर्थातच हात खिशात. पण दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर त्यांची नजर असे. एकदा माझ्या बायकोनं, मंगलनं, त्यांना आमच्या दोरीखाली मान वर करून उभं असलेलं पाहिलं.

"वहिनी, हे बनियन टाकणार कधी?"

"अहो भाऊजी, हे अजून घालतात ते!"

"घालू द्या, घालू द्या," निकाळे घाईघाईनं म्हणाले. "माझी काही घाई नाही."

त्या दिवसापासून मी बनियन अंगात घालताना उगाच ते दुसऱ्याचं असल्यासारखं वागवू लागलो.

हे सगळं गाडीपायी. चौऱ्याहत्तरच्या सुमारास निकाळ्यांनी जुनी फियाट घेतली. आमच्या कॉलनीत तेव्हा सायकली होत्या, दोन स्कूटर होत्या आणि एका सोनाराची बुलेट होती. हेडक्लार्कनं मोटार घ्यावी ही गोष्ट लोकांना पचेना. पण निकाळ्यांनी लग्न केलं नव्हतं, सिनेमाचा शौक नव्हता, तंबाखू खात नव्हते. "बायको करायच्या वयात पैसे साठवले, आता बायको आणली," असं कचेरीत कुणीतरी म्हणालं आणि ते वाक्य त्यांना चिकटलं. त्यांना राग आला नाही. "बायको रोज धुवावी लागत नाही," एवढंच ते म्हणाले.

गाडी त्यांना देवळाली कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या पारशानं विकली. त्यानं म्हणे आधीची तीन गिऱ्हाइकं हाकलली होती. निकाळे गेले तेव्हा म्हाताऱ्यानं भावाचं काही न बोलता पुढ्यात बादली ठेवली आणि म्हणाला, "धू." निकाळ्यांच्या खांद्यावर नवा कोरा टॉवेल होता. तो त्यांनी पाण्यात बुडवला आणि टपावर गोल गोल फिरवायला सुरुवात केली. म्हातारा आरामखुर्चीतून ओरडला, "अरे डिकरा, गाडी धुतोस की भांडी घासतोस?"

मग त्यानं निकाळ्यांना तासभर शिकवलं. नव्या कापडाला खळ असते, ती रंगाला खाते. टॉवेलच्या काठाची शिवण, सदऱ्याचं बटण, कशिदा, काहीही असलं तर ते आधी कापून टाकायचं. आधी नुसतं पाणी सोडून धूळ वाहून जाऊ द्यायची, मग फडकं, आणि तेही सरळ रेषेत, वरून खाली. चाकाचं फडकं टपाला लावायचं नाही. खाली पडलेलं फडकं तर मेलंच समजायचं, कारण त्यात एक खडा जरी अडकला तरी तो रंगावर आपली सही करून जातो. निकाळ्यांनी तो नवा टॉवेल तिथंच म्हाताऱ्याच्या माळ्याला देऊन टाकला. गाडी त्यांना मिळाली.

पण मऊ कापड आणायचं कुठून? तो काळ टेरिकॉटचा. जो तो चकाकतं कापड घाली. ते फाटत नाही, झिजत नाही आणि पाण्याचा थेंब शोषून घेत नाही. "पंचवीस वर्षांनी या देशात पुसायला कापड उरणार नाही," असं निकाळे गंभीरपणे म्हणत. मांजरपाट त्यांना खरखरीत वाटे. खादी चालेल, पण म्हातारी हवी. पंचा बरा. धोतर उत्तम, मात्र वापरणारा माणूस शांत स्वभावाचा हवा, कारण तापट माणसाची धोतरं गुडघ्यावर विरण्याआधीच फाटतात. हा सिद्धांत त्यांचा स्वतःचा.

दारावर बोहारीण येई, जुने कपडे घेऊन भांडं देणारी. एका रविवारी निकाळ्यांनी तिला थांबवलं आणि घरातला स्टीलचा डबा आणून तिच्यापुढे ठेवला. "हा घे. तुझ्या बोचक्यातलं ते धोतर दे."

बोहारीण आधी हसली, मग तिला संशय आला. डबा उलटा करून तिनं बूड पाहिलं. "सायेब, भांडं देऊन चिंध्या मागणारं गिऱ्हाईक म्या जल्मात नाय पाह्यलं. काय हे ह्या धोतरात?"

"काही नाही. मऊ आहे."

"मंग म्या कशापायी देऊ?" म्हणत तिनं धोतर बोचक्यात खोल दडपलं आणि गेली. घरी जाऊन तिनं त्याची घडी न् घडी उलगडून पाहिली असणार.

हा सगळा तमाशा ओट्यावर बसून बघणारी एक बाई होती, निकाळ्यांची थोरली बहीण आक्का. आईबाप लवकर गेले. आक्कानं सिन्नरला विड्या वळून या धाकट्या भावाला शिकवलं. नवरा गेल्यावर त्याच विड्यांवर मुलगी शालू वाढवली. शालूचं लासलगावला लग्न झाल्यावर निकाळ्यांनी आक्काला आपल्याकडे आणलं. आक्का अंगानं काटक, बोलायला सणसणीत. हेडक्लार्कसाहेबांना ती "सुकदेवा" अशी हाक मारी तेव्हा त्यांचं वय निम्मं होई. "ह्या गाडीला नुस्ती आंगडी-टोपडी शिवायची बाकी हे," असं ती आम्हाला ऐकवी. पण गाडीतून जायला तिला फार आवडे. बुद्धपौर्णिमेला दोघं त्रिरश्मी लेण्यांना गेले तेव्हा ती पांढरंशुभ्र लुगडं नेसून पुढच्या सीटवर बसली, काचेबाहेर कोपर काढलं आणि निघताना भावाला म्हणाली, "सुकदेवा, जरा हळू चालव. लोकान्ला बघू दे की."

ते वाक्य निकाळे नंतर कितीतरी दिवस सगळ्यांना सांगत होते. गाडी कशासाठी घेतली, असं कुणी विचारलं तर त्यांचं उत्तर तेवढंच असे.

शालू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, म्हणजे मामाकडे. बाळ झालं, मुलगी. आक्का दवाखान्यात लेकीजवळ मुक्कामाला होती. घरी आणायच्या दिवशी निकाळे पहाटेच उठले. बाळ गाडीतून यायचं, तर गाडी आरशासारखी हवी. पण झालं असं की आदल्या दिवशी त्यांनी आपली सगळी फडकी सोड्यात उकळून वाळत घातली होती आणि आभाळ आल्यामुळे ती ओलीच राहिली होती. कोरड्या फडक्याशिवाय शेवटचा हात कसा फिरणार? त्यांनी घरभर शोध घेतला.

थोड्या वेळानं मला ओट्यावरून हाक आली. "गायधनी! अहो गायधनी, इकडे या! साऱ्या नाशकात शोधलं आणि घरात निघालं बघा!"

त्यांच्या हातात सुती लुगड्याचा चौकोनी तुकडा होता. बाकीचे पायरीवर रचलेले. दोन अख्खी लुगडी त्यांनी टराटरा फाडली होती. मी हात लावला. मूळचा हिरवा रंग जाऊन कापडाला सायीसारखा पांढुरका हिरवेपणा आला होता, आणि मऊ तर इतकं की बोटांना काही लागल्यासारखं वाटेना. निकाळ्यांचा चेहरा फुलून गेला होता. बॉनेट झालं, दारं झाली, टप झाला. मोठ्या औदार्यानं उरलेले तुकडे त्यांनी चाकाच्या झाकणांनाही लावले. गाडीत आमच्या कॉलनीची सगळी घरं दिसत होती.

तेवढ्यात मंगल बाहेर आली. तुकडे बघून थबकली.

"भाऊजी, ही आक्कांची लुगडी ना? बाळासाठी काढून ठेवलेली?"

"बाळासाठी?" निकाळे हसले. "वहिनी, बाळासाठी मी नवीन आणलंय सगळं. झबली, टोपरं, हा एवढा मोठा टर्किश टॉवेल! बाळाला कुणी जुनं घालतं का?"

मंगल हळू आवाजात म्हणाली, "भाऊजी, बाळाला आधी जुनंच घालतात. नवं टोचतं त्याला. आक्का दोन महिने ती लुगडी उकळत होत्या, उन्हात टाकत होत्या."

निकाळ्यांचा हात बॉनेटवर होता तिथंच राहिला. लग्न न केलेला माणूस, घरात कधी पाळणा हलला नव्हता. त्यांना हे ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. पण ते कारण त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही आणि पुढेही कधी सांगितलं नाही. सगळे तुकडे गोळा करून ते नळावर बसले आणि साबण लावून घासत सुटले. ग्रीस कधी साबणानं जातं काय? जेवढं घासावं तेवढं ते एका तुकड्यावरून दुसऱ्यावर पसरत होतं.

आक्का दवाखान्यातून आली ती थेट आत गेली. तिला लुगडी घेऊन याच गाडीतून परत जायचं होतं. आतून फळीवरचे डबे हलवल्याचा आवाज आला. मग ती बाहेर आली, भावाकडे पाहिलं, नळाकडे पाहिलं. एक तुकडा उचलून तिनं नाकाशी नेला. आम्हाला वाटलं, आता कॉलनी डोक्यावर घेणार. पण तिनं आवाजसुद्धा चढवला नाही.

"लुगडं इकत मऊ मिळत नाय, सुकदेवा," ती म्हणाली. "आंगावर झिजंल तव्हा मऊ व्हतं."

एवढं बोलून तिनं नवी झबली पिशवीत भरली, टर्किश टॉवेल काखेत मारला आणि फाटकाबाहेर जाऊन टांगा थांबवला. "तू जा म्होरं गाडी घिऊन. म्या येती."

दुपारी आधी चकचकीत गाडी आली. मागच्या सीटवर शालू, तिच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं लालबुंद बाळ. बाळ रडत होतं. नुकती जन्मलेली सगळीच बाळं रडतात, पण निकाळ्यांना ते रडणं त्या टॉवेलचंच वाटलं असणार. गाडीमागून बऱ्याच वेळानं टांगा आला. मंगलनं आपल्या दोन जुन्या सुती साड्या नेऊन दिल्या, बाळाचं काही अडलं नाही. आक्का त्या दिवसापासून भावाच्या गाडीत बसली नाही.

भांडण म्हणावं तर काहीच नव्हतं. ती त्याला गरम भाकरी वाढत होती, त्याच्या सर्दीला काढा देत होती, त्याची थट्टाही करत होती. गाडीचा विषय निघाला की मात्र तिला काहीतरी होई. कधी पोटात ढवळे. कधी पाय मोकळे करायचे असत. कधी शेजारणीबरोबर बसनं जायचं आधीच ठरलेलं असे. त्रिरश्मी लेण्यांनासुद्धा पुढच्या वर्षी ती बसनं गेली आणि निकाळे बसमागून रिकामी गाडी घेऊन गेले. त्यांनी येवल्याहून तिला भारीतलं लुगडं आणलं. आक्कानं घडी उलगडून पाहिली, "झ्याक हे" म्हणाली आणि ट्रंकेत टाकली. ती घडी पुन्हा मोडल्याचं मी पाहिलं नाही.

"माफी का मागत नाही सरळ?" मी एकदा विचारलं.

"कोणत्या तोंडानं मागू?" ते म्हणाले. "गायधनी, तुम्हाला तंबाखूचा वास माहीत आहे? त्या लुगड्यांना होता. उकळून उकळून आक्कानं तो घालवला होता. ती लुगडी नेसून तिनं विड्या वळल्या, तेव्हा मी मॅट्रिक झालो. आणि मी ती चाकाला लावली."

ते बोलले आणि मान खाली घालून गाडीकडे गेले. गाडी ते अजून धूत, पण फडकं हातात घेत नसत. पाणी सोडायचं आणि उघड्या तळव्यानं धुवायचं. थंडीच्या दिवसांत त्यांची बोटं वाकडी होत. पाण्याचे डाग पडत ते पडू देत. ज्या माणसानं एका डागासाठी पुन्हा बादली भरली असती, त्याची गाडी आता देवी आलेल्या माणसासारखी दिसू लागली.

आणि त्याच सुमारास त्यांनी कपडे झिजवायला घेतले. आम्हाला आधी वाटलं कंजूषपणा वाढला. पांढऱ्या सुती कापडाचे तेच ते सदरे, घरी धोतर, रात्री पांघरायलाही धोतर. खळ बंद, इस्त्री बंद. स्वतः धूत, पिळत नसत, सावलीत वाळवत. कॉलर विरली तरी सदरा अंगावरच. कचेरीत साहेबांनी एकदा सगळ्यांसमोर सुनावलं, "निकाळे, सरकार पगार देतं तुम्हाला." निकाळे "होय साहेब" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी तोच सदरा. दिवाळीला आम्ही दोघांनी त्यांना टेरिकॉटचं कापड दिलं, ते त्यांनी हात जोडून परत केलं. "माझं चाललंय ते पुरं होऊ द्या," म्हणाले.

"काय चाललंय?"

त्यांनी माझा हात धरून आपल्या बाहीवर ठेवला. "बघा. आलंय का?"

मला खरं सांगवेना. माणसानं नुसतं खुर्चीत बसून झिजवलेलं कापड आणि ओणवं होऊन, घामात भिजून, दगडावर आपटून झिजलेलं कापड, यांत फरक राहतोच. तो त्यांनाही कळत होता. म्हणून तर ते पुन्हा पुन्हा विचारत. पहिल्यापहिल्यांदा त्यांच्या या खुळाचं मला हसू येई. पुढे पुढे त्यांनी बाही पुढे केली की माझीच मान खाली जाई.

अशी वर्षं गेली. शालूची मुलगी शाळेत जाऊ लागली. चाकं नवी झाली, गाडी जुनी झाली, निकाळ्यांची निवृत्ती जवळ आली. आक्काचे गुडघे धरले, तरी ती चालतच बाजारात जाई आणि निकाळे तिच्यामागून चार पावलं अंतर ठेवून पिशवी धरून जात. गाडी दाराशी उभी.

ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमारास शालूला पुन्हा दिवस गेले आणि ती मामाकडेच आली. मुलगा झाला. दवाखान्यातून घरी आणायच्या दिवशी मी फाटकाशी पेपर वाचत उभा होतो. आक्का ओट्यावर चपला घालत होती. निकाळे आतून एक बोचकं घेऊन आले आणि तिच्यापुढे ठेवून लांब उभे राहिले. परीक्षेचा निकाल ऐकायला पोरं उभी राहतात तसे.

आक्कानं गाठ सोडली. सदऱ्यांच्या कॉलरी, बटणं, शिवणी काढून नीट चौकोन केलेले. धोतरांची दुपटी. सगळं उकळलेलं, उन्हाचा वास असलेलं. तिनं एक तुकडा उचलून गालाला लावला. मग दुसरा. एक तुकडा बाजूला टाकला, "ह्यो आजून राठ हे." बाकीचे बघता बघता तिचे हात सावकाश झाले.

"कोणाचे हायेत हे?"

"माझे."

आक्का भावाच्या अंगावरच्या विरलेल्या सदऱ्याकडे बघत राहिली. साऱ्या कॉलनीला जे दिसत होतं ते तिलाही दिसत होतंच, पण ते कशासाठी चाललंय हे तिला त्या क्षणी कळलं. तिनं बोचकं पुन्हा बांधलं आणि काखेत घेतलं. गुडघ्यावर हात टेकत उठली.

"चल. काढ गाडी."

निकाळ्यांना ऐकू आलं की नाही कोण जाणे. ते गाडीकडे धावले, बादलीकडे वळले, परत गाडीकडे आले. गाडीवर आठवड्याची धूळ होती. "आक्का, एक मिनिट थांब. निदान काच पुसून घेतो."

"कशानं पुसशील?" आक्का म्हणाली.

ती सहज म्हणाली की मुद्दाम, ते मला आजही सांगता येणार नाही. निकाळे रिकामी बादली हातात धरून उभे राहिले. मग हेडक्लार्क सुखदेव निकाळे भर रस्त्यावर, पोरंबाळं बघत असताना, शाळकरी पोरासारखे रडायला लागले.

"आक्का, चुकलं माझं."

आक्का गाडीचं दार उघडून पुढच्या सीटवर बसली. पाय हातानं उचलून एकेक करून आत घेतले. बोचकं मांडीवर ठेवलं.

"हे येवढंच म्हनायचं हुतं व्हय रे?" ती म्हणाली. "म्या वाट बघत हुती. तव्हाच म्हनला असतास, तर माझं गुडघं तरी वाचलं असतं."

निकाळे गाडीला वळसा घालून आपल्या बाजूला आले. दार माझ्या बाजूलाच होतं. दाराला हात लावून ते क्षणभर थांबले. माझ्याकडे न बघता खालच्या आवाजात म्हणाले, "गायधनी, ती चालत राहिली हो. आणि मी कपडे झिजवत बसलो."

मग ते आत बसले आणि गाडी दवाखान्याकडे गेली.